दर सोमवारी १८० पार्ट्यांना मेल: आधी स्क्रिप्टचं जावक रजिस्टर उघडा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. एक्सेलमध्ये १८० पार्ट्यांची यादी आहे. दर सोमवारी प्रत्येकाला येणे बाकीचा उतारा पीडीएफ जोडून जीमेलवरून जातो. आधीच्या माणसाने व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या भाषेत एक छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून ठेवली होती, ती गेल्या महिन्यापासून ८००४०२१७ असा एरर देऊन थांबते. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो. त्याआधी एकदा मध्येच लाईट गेली, त्यांनी स्क्रिप्ट परत चालवली आणि बऱ्याच पार्ट्यांना दोनदा मेल गेलं. मालक चिडले. आता नव्याने लिहायचं तर कशात आणि कसं?

ताई, आधी एररचा उलगडा करू. तुमची स्क्रिप्ट विंडोजमधल्या सीडीओ या जुन्या घटकातून मेल पाठवते आणि त्याचे आकडे वाचता येतात. शेवटी १३ असेल तर सर्व्हरशी जोडणीच लागलेली नाही. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, चुकलाय, नेट बंद आहे किंवा फायरवॉल आडवा आलाय. शेवटी १७ असेल तर सर्व्हरपर्यंत पोचलो, पण त्याने लॉगिन नाकारलं. तुमचा १७ आहे, म्हणजे बाकी सगळं ठीक आहे.

ब्राउझरमध्ये पासवर्ड चालतो म्हणून तो स्क्रिप्टमध्येही चालेल, ही समजूत ३० मे २०२२ पर्यंत बरोबर होती. त्या दिवसापासून गुगलने साध्या खात्यांसाठी नुसत्या पासवर्डाने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. तेव्हापासून खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढायचा आणि स्क्रिप्टला तो द्यायचा. तुमची स्क्रिप्ट गेल्या महिन्यापर्यंत चालत होती, म्हणजे आधीच्या माणसाने ॲप पासवर्ड काढलेला होता. मग तो मेला कसा? खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की त्यावर काढलेले सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. गेल्या महिन्यात मालकांनी किंवा घरातल्या कोणी पासवर्ड बदलला का, एवढं विचारा. बहुतेक उत्तर तिथेच मिळेल.

नवा ॲप पासवर्ड काढाल तेव्हा त्याला ओळखीचं नाव द्या, उदाहरणार्थ ‘सोमवार उतारा’. पुढे रद्द करायची वेळ आली तर नेमका तोच रद्द करता येतो. स्क्रीनवर तो चार-चार अक्षरांच्या गटात दिसतो, तुम्ही मधल्या जागा काढून टाका. आणि हा पासवर्ड स्क्रिप्टच्या आत लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे स्क्रिप्टची फाइल पेन ड्राइव्हवर फिरते, व्हॉट्सॲपवर ‘जरा बघा हो, काय चुकलंय’ म्हणून जाते, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवरही राहते. त्या १६ अक्षरांत फक्त मेल पाठवण्याची मुभा नसते, त्यांनी तुमची आलेली सगळी मेलंही वाचता येतात. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या तिजोरीत, तो एकदा साठवा आणि स्क्रिप्टने चालताना तिथून उचलावा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कीरिंग नावाची लायब्ररी हेच काम करते.

आता कशात लिहायचं. व्हीबीस्क्रिप्टमध्ये नवीन काही लिहू नका. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्येच ती निवृत्तीच्या वाटेवर असल्याचं जाहीर केलं आहे आणि पुढच्या विंडोजमधून ती टप्प्याटप्प्याने जाणार आहे. शिवाय सीडीओला ४६५ पोर्ट जमतो, पण ५८७ वर आधी साधी जोडणी लावून मग ती कुलूपबंद करण्याची पद्धत त्याला येत नाही. या एका गोष्टीवर मी लोकांचे दिवस वाया गेलेले पाहिलेत. आउटलुक उघडून त्यातून मेल पाठवणारा एक्सेल मॅक्रो हा दुसरा मार्ग आहे. ऑफिसात जुनं, पूर्ण आउटलुक रोज उघडं असेल तर तो चालतो. पण नवीन आउटलुक मॅक्रोला दाद देत नाही, त्यात ती सोयच ठेवलेली नाही, आणि अपडेटच्या नादात कोणीतरी ते बटण फिरवलं की सोमवारची सकाळ अडते. पॉवरशेलमधली सेंड-मेलमेसेज ही आज्ञा मायक्रोसॉफ्टनेच कालबाह्य ठरवली आहे. तुमच्या कामाला मी पायथॉन सुचवेन. मेल पाठवणारं एसएमटीपीलिब आणि मेल बांधणारं ईमेलमेसेज दोन्ही त्याच्यासोबतच येतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ४६५ वर जोडणी लावा आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, ६० सेकंद द्या. टाइमआउट दिला नाही आणि नेट अर्ध्यात गेलं तर स्क्रिप्ट तशीच बसून राहते आणि आपण चहा पिऊन येईपर्यंत काही कळत नाही.

इथपर्यंतचं कोणीही सांगेल. तुमचं दुखणं दुसरं आहे. १८० मेल पाठवणं सोपं आहे, पण त्यातलं कोणतं गेलं आणि कोणतं राहिलं हे उद्या खात्रीने सांगता येणं अवघड आहे. आपल्या जुन्या ऑफिसांमध्ये याचं उत्तर कपाटात ठेवलेलं असायचं: जावक रजिस्टर. पत्र पाकिटात घालण्याआधी त्याला जावक क्रमांक पडायचा, कोणाला, कशाबद्दल, किती तारखेला हे लिहिलं जायचं, आणि मगच शिपाई ते घेऊन निघायचा. स्क्रिप्टला नेमकं हेच शिकवा.

ते असं. प्रत्येक पार्टीसाठी मेल पाठवण्याच्या आधी रजिस्टरात एक ओळ पडते: जावक क्रमांक, पार्टी कोड, पत्ता, जोडलेली फाइल, रक्कम, वेळ आणि स्थिती ‘निघाले’. सर्व्हरने मेल स्वीकारल्याचं उत्तर दिलं की त्याच क्रमांकापुढे दुसरी ओळ पडते, ‘गेले’. सर्व्हरने नकार दिला तर ‘परत’ आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं. प्रत्येक ओळ लिहिली की फाइल लगेच डिस्कवर उतरवा, शेवटी एकदम लिहू असं करू नका. रजिस्टर साध्या सीएसव्हीत ठेवा. एक्सेलमध्ये कोणी ते उघडं ठेवलं तर स्क्रिप्टला लिहिता येत नाही, म्हणून बघायचं झाल्यास त्याची कॉपी उघडा.

आता तुमच्या त्या सोमवारचं चित्र डोळ्यासमोर आणा. स्क्रिप्ट ७४ व्या पार्टीवर आहे आणि लाईट गेली. (कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण राउटर बहुतेक ठिकाणी थेट भिंतीच्या प्लगवर असतो. कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद, ही स्थिती जास्त घातक, म्हणून राउटरही यूपीएसवर घ्या.) लाईट आल्यावर रजिस्टर उघडलं तर ७३ पर्यंत ‘निघाले’ आणि ‘गेले’ अशा जोड्या दिसतात, आणि ७४ पुढे फक्त ‘निघाले’. स्क्रिप्ट परत चालवली की ‘गेले’ असलेल्या ७३ पार्ट्या ती सोडून देते आणि ७५ पासून पुढे जाते. ७४ चं काय? तिथे तिने थांबून तुम्हाला विचारायला हवं, स्वतःहून परत पाठवायला नको. कारण मेल पूर्ण पोचून सर्व्हरचं उत्तर येण्याच्या क्षणी जोडणी तुटली असू शकते, आणि त्या एका क्षणाबद्दल पाठवणाऱ्या प्रोग्रामला काहीच खात्रीने सांगता येत नाही. हा दोष तुमच्या स्क्रिप्टचा नाही. मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम १९८२ मध्ये ठरले आणि १९८८ मध्ये आरएफसी १०४७ या टिपणात दुबार मेलचा हाच घोळ मांडला गेला. आज इतक्या वर्षांनीही त्याला उपाय माणसाची नजर हाच आहे.

म्हणून जावक क्रमांक मेलच्या विषयातही घाला, जसा लेटरहेडवर ‘जा. क्र.’ असतो. जीमेलवरून स्क्रिप्टने पाठवलेल्या मेलची प्रत सेंटमध्ये पडते. तिथे ७४ चा क्रमांक शोधायचा. सापडला तर हाताने ‘गेले’ लिहायचं, नसला तर पाठवायचं. एका मिनिटाचं काम आहे. पार्टीचा फोन आला की तुम्हालाही ‘जावक क्रमांक सांगा’ म्हणता येतं, हा वरचा फायदा.

दोनदा मेल जाणं लाजिरवाणं असतं, पण एकाचा उतारा दुसऱ्याला जाणं त्याहून वाईट. हे माझ्या हातून झालं आहे, म्हणून नीट सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका चादर कारखान्यासाठी मी एक्सेल मॅक्रो लिहिला होता. पत्ते दुसऱ्या शीटवरून व्हीलुकअपने यायचे. मॅक्रोच्या सुरुवातीला मी ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ टाकलं होतं, म्हणजे चूक झाली तरी पुढच्या ओळीवर जा. एका सोमवारी ४१ व्या पार्टीचं नाव शीटमध्ये थोडं वेगळं टाइप झालं होतं, त्यामुळे पत्त्याच्या जागी व्हीलुकअपची ‘सापडले नाही’ ही खूण आली. मॅक्रोने ती वाचून ‘पत्ता’ या चलात, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवायच्या खणात, भरायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि माझ्याच आज्ञेप्रमाणे तो गुपचूप पुढच्या ओळीवर गेला. चलात ४० व्या पार्टीचा पत्ता तसाच राहिला. फाइल मात्र ४१ व्या पार्टीची जोडली गेली. दोघेही एकाच बाजारपेठेतले व्यापारी. पहिल्याला दुसऱ्याच्या उताऱ्यात बिलावरचा दर दिसला, तो त्याच्या दरापेक्षा कमी होता, आणि दुपारी मालकांना फोन आला. पुढच्या लॉटला त्यांना दर उतरवावा लागला. मॅक्रोने शेवटी ‘सर्व मेल पाठवली’ असाच संदेश दाखवला होता.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी कधी सोडत नाही. एक, प्रत्येक फेरीच्या पहिल्या ओळीत पत्ता, फाइल, रक्कम ही सगळी चलं रिकामी करायची, म्हणजे मागच्याचं काही पुढे सरकत नाही. दोन, चूक गिळणारी आज्ञा पूर्ण फेरीवर कधीच लावायची नाही. पायथॉनमध्येही ट्राय-एक्सेप्ट लिहून एक्सेप्टमध्ये नुसतं पास लिहिणं म्हणजे तेच पाप. चूक झाली तर ती रजिस्टरात लिहायची आणि ती पार्टी सोडून पुढे जायचं. तीन, फाइलच्या नावात पार्टी कोड ठेवायचा आणि पाठवण्याआधी यादीतल्या ओळीचा कोड आणि फाइलचा कोड एकच आहे का ते तपासायचं. नाव नको, कोड. ‘श्री’ आणि ‘श्रीमती’, ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ यांत नावं कशी गुंततात ते तुम्हाला मी सांगायला नको.

पीडीएफबद्दल आणखी एक. फाइल फोल्डरमध्ये आहे एवढं पाहून भागत नाही, ती आजची आहे का हे पाहा. टॅलीतून उतारे काढताना एखाद्या पार्टीचा काढायचा राहिला, तर मागच्या सोमवारची त्याच नावाची फाइल तिथे पडलेली असते आणि स्क्रिप्ट ती आनंदाने जोडते. पार्टीने बुधवारी पैसे भरलेले असतात आणि सोमवारी त्याला जुनी बाकी दिसते. दर सोमवारी तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करा आणि स्क्रिप्टला फक्त त्याच फोल्डरात बघू द्या. फाइल शून्य आकाराची नाही ना, हेही पाहा.

आणि सगळ्यात उपयोगी तपासणी तुम्हाला हिशेबनीस म्हणून लगेच पटेल. पाठवायच्या १८० ओळींच्या रकमांची बेरीज स्क्रिप्टने दाखवावी आणि ती तुम्ही टॅलीतल्या एकूण येणे बाकीशी जुळवावी. एक्सेलमध्ये कोणी एकच कॉलम सॉर्ट केला आणि शेजारचे तसेच राहिले, तर बेरीज जुळूनही नावं आणि रकमा फिरलेल्या असतात. म्हणून बेरजेबरोबर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन पार्ट्यांची रक्कमही डोळ्यांनी टॅलीशी ताडून पाहा.

पत्त्यांच्या कॉलममध्ये व्हिजिटिंग कार्डावरून उतरवलेले पत्ते असतील तर शेवटी चिकटलेली रिकामी जागा काढून टाका. एका पार्टीचे दोन पत्ते असतील तर आउटलुकला ते अर्धविरामाने तोडलेले लागतात, पायथॉनच्या ईमेलमेसेजला स्वल्पविरामाने. मॅक्रोवरून पायथॉनवर येताना ही गोष्ट हमखास नडते. सगळ्या १८० जणांना एकाच मेलमध्ये टाकायचा मोह कधी होऊ देऊ नका, बीसीसीतही नाही. बीसीसीऐवजी चुकून सीसी झालं तर तुमचं सगळं गिऱ्हाईक एका ओळीत बाजारात जाईल.

विषयात मराठी लिहिल्यावर प्रश्नचिन्हं येतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती व्हीबीस्क्रिप्टची फाइल एएनएसआय पद्धतीने सेव्ह झालेली असते, त्यात देवनागरी मावतच नाही. पायथॉनची फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, ईमेलमेसेज पुढचं स्वतः सांभाळतो. जोडलेल्या पीडीएफचं नाव मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच ठेवा, समोरच्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये देवनागरी नावाची फाइल कधी कधी उघडत नाही.

मर्यादांचं बोलायचं तर साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्ते जातात, तुमचे १८० त्यात आरामात बसतात. जोडणीसकट मेल २५ एमबीपर्यंत चालतं, पण पाठवताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या वर जाऊ नका. उताऱ्याला तेवढं लागतही नाही. दोन मेलच्या मध्ये पाच सेकंद थांबा, सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, आणि दर वीस मेलनंतर जोडणी बंद करून नव्याने लावा. कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता पाठवणारा म्हणून दाखवायचा असेल तर तो साध्या जीमेलच्या लॉगिनवरून ढकलू नका. गुगल तो पत्ता बदलून लॉगिनचाच दाखवतं. डोमेनच्याच मेलबॉक्सवरून पाठवा आणि डोमेन ज्यांच्याकडून घेतलाय त्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे दाखवणाऱ्या, तीनही नोंदी करायला सांगा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी. ते नसेल तर पार्टी ‘मेल आलंच नाही’ म्हणते तेव्हा ती खरं बोलत असते.

यावरून रजिस्टरातल्या ‘गेले’चा अर्थ पक्का समजून घ्या. सर्व्हरचं २५० हे उत्तर म्हणजे पत्र पोस्टाने घेतलं, एवढंच. पोचपावती ती नाही. पत्ता चुकला असेल तर परतीचं मेल काही मिनिटांनी किंवा तासांनी इनबॉक्समध्ये येतं. त्यात ५ ने सुरू होणारा आकडा असेल, म्हणजे ५५० वगैरे, तर नकार कायमचा आहे, बहुतेक वेळा पत्ताच बाद असतो. परत पाठवू नका, फोन करून नवा घ्या. ४ ने सुरू होणारा असेल तर तात्पुरती अडचण आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. सोमवारी संध्याकाळी निघण्याआधी इनबॉक्समधली परतीची मेलं बघून रजिस्टरात लिहिणं हा कामाचाच भाग धरा.

टास्क शेड्युलरवर लावून सगळं आपोआप होऊ द्यायचं का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: पैशाची मागणी करणारं पत्र माणसाने पाहिल्याशिवाय जाऊ नये. शेड्युलरने सकाळी साडेदहाला फक्त तयारी करावी, म्हणजे यादी वाचावी, फाइली तपासाव्यात, बेरीज काढावी, खोट असलेल्या पार्ट्या वेगळ्या दाखवाव्यात. मग तुम्ही ते बघावं, आणि स्क्रिप्टने ‘किती मेल पाठवायची?’ असं विचारल्यावर आकडा स्वतः टाइप करावा. ती म्हणते १७६ आणि तुमच्या मनात १८०, तर तिथेच थांबाल. नुसतं ‘हो’ दाबायला लावलं तर हात सवयीने दाबतो.

मजकूर छोटा ठेवा: बाकी किती, कोणत्या तारखेपर्यंतची, त्यात काही फरक वाटल्यास कोणाला फोन करायचा. तुमच्या कारखान्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर तो क्रमांक उताऱ्यावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. मेलमध्ये कायद्याची भाषा नको, पण बिलाला किती दिवस झाले हा कॉलम उताऱ्यात असू द्या. मालकांना वसुलीचा फोन करताना तोच कामाला येतो.

स्क्रिप्टमध्ये चाचणीसाठी एक खूण ठेवा आणि येत्या सोमवारी ती चालू असू द्या, म्हणजे सगळ्या १८० पत्त्यांच्या जागी तुमचाच एक पत्ता. ती १८० मेलं तुमच्या इनबॉक्समध्ये येतील, त्यातली वीस उघडून विषय, नाव, रक्कम आणि फाइल बघा. याच चाचणीत ७४ व्या मेलला नेटची वायर मुद्दाम काढा आणि रजिस्टर सांगितल्याप्रमाणे वागतं का ते पाहा. त्या दिवशीचे खरे उतारे हाताने पाठवा. पुढच्या सोमवारी सोलापुरातल्याच चार ओळखीच्या पार्ट्यांना पाठवून फोनवर विचारा. तिसऱ्या सोमवारी सगळ्यांना. मध्ये अडलात तर एररची पूर्ण ओळ आणि रजिस्टराच्या शेवटच्या पाच ओळी मला पाठवा, पार्ट्यांची नावं आणि पत्ते झाकून.